वेताची खुर्ची आणि तिसरी बाही

८ जून

प्रिय वन्सं,

पार्सल उघडताना किंचाळू नका. आत तुमच्या भावाचा स्वेटर आहे आणि त्याला तीन बाह्या आहेत.

फोनच करणार होते, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की समोरची बाई दार उघडून ऐकत उभी राहते. म्हणून पत्र.

झालं असं, की तुम्ही मुलाकडे राहायला गेलात, पण आपल्या शनिवारच्या विणकामाच्या बैठकीला तुम्ही घालून दिलेला नियम इथेच राहिला. चार वाजले की हातात जे काम असेल ते डावीकडच्या बाईला द्यायचं. कुणी एकटीने काही पुरं करायचं नाही, म्हणजे कुणाला मिरवायला नको. तर हा स्वेटर घडी घातलेला फिरतो, आणि जिच्या हातात येतो तिला वरची एकच बाही दिसते. ती बिचारी दुसरी घालते. अशा दोन बिचाऱ्या निघाल्या. बरं, उसवावी म्हटलं तर उसवायचा हक्क पहिल्यापासून तुमचा. दुसऱ्याचं काम इतक्या निर्दयपणे उसवायला आमच्यात कुणाचा हात धजत नाही.

त्याहून मोठी पंचाईत तुमच्या वेताच्या खुर्चीची. ती आम्ही होती तिथेच ठेवलीय. तिच्या उजवीकडे आपली लायब्ररीवाली बसते. चार वाजले की ती हातातलं काम नियमाप्रमाणे डावीकडे, म्हणजे खुर्चीवर ठेवते. आणि खुर्ची काही ते पुढे देत नाही! मी म्हटलं, अगं, खुर्ची ओलांडून दे. तर भूगोलाच्या बाई म्हणाल्या, ओलांडलं तर त्या कायमच्या गेल्या असं होईल. झालं! आता सगळं काम खुर्चीवर साठलंय आणि आम्ही रिकाम्या हातांनी एकमेकींची तोंडं बघत बसतो. केमिस्टबाईंनी तर गेल्या वेळी वेळ जावा म्हणून दुकानातल्या गोळ्या मोजायला आणल्या होत्या.

तेव्हा तुमच्या वाटणीचं काम, हा स्वेटर आणि एक अर्धवट गोधडी, टपालाने पाठवतेय. चार टाके घाला आणि परत पाठवा.

आणि एक. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची बायको विचारत होती, ती खुर्ची रिकामी आहे का म्हणून. मी म्हटलं, विचारून सांगते. काय सांगू?

तुमची वहिनी

२१ जून

अगं वहिनी,

पार्सल पोचलं. बांधलं कुणी होतं? सोडवायला मला जेवणाची वेळ टळून गेली.

तिसरी बाही उसवायला घेतली, तर लक्षात आलं की तिन्हींत तीच एक धड आहे. म्हणून बाकीच्या दोन उसवल्या. आता तुमचं तुम्ही बघा.

खुर्ची देऊन टाक. मला काय करायचीय! मशीनवाल्याच्या बायकोला सांग, डाव्या हाताचा वेत सैल झालाय, साडी अडकते. मला इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. इथे माझं नवं मंडळ झालंय, शनिवारचंच. तुमच्यासारखं नाही हं, एकेक बाई बघण्यासारखी. एक दातांची डॉक्टरीण आहे. एक निवृत्त जज्ज. आणि दोघी जुळ्या बहिणी, इतक्या सारख्या की एकीला सुई टोचली की मी दुसरीला विचारते, लागलं का गं. आम्ही इतक्या हसतो की खालच्या मजल्यावरून काठीने ठोकतात. तुझ्या पार्सलमधली गोधडी आम्ही पाचजणींनी मिळून पुढे नेलीय, बघ कशी झालीय.

मुलगा बरा आहे. दात दुखतो म्हणतो, दाखवत नाही. सूनबाई चांगली आहे, फार बोलत नाही. मी आले तेव्हा हॉलच्या पडद्याला कसली वेडीवाकडी टीप होती! त्याच दिवशी उसवून नीट घातली. एक अक्षर बोलली नाही बघ. समजूतदार आहे.

तुझी नणंद

३० जून

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मी बैठकीत मोठ्याने वाचलं, ती माझी चूक झाली.

'जज्ज? विणतात?' असं लायब्ररीवाली एवढ्यांदा म्हणाली, की खुर्चीखालचं मांजर बाहेर पळालं. ड्रायव्हिंग शिकवणारी आपली पोरगी म्हणाली, आमच्यात निदान एकीची दुसरी होत नाही. भूगोलाच्या बाई नुसता चष्मा पुसत बसल्या, आणि तो काही केल्या पुसून होईना.

खुर्ची कुणालाही द्यायची नाही असं ठरलंय. मशीनवाल्याच्या बायकोला मी स्टुलावर बसवलंय. 'खुर्ची रिकामी दिसते' असं ती म्हणाली, तेव्हा चौघी एकदम म्हणाल्या, 'दिसते फक्त.' तुम्हाला ती नको असेल तर नको. आम्हाला हवीय.

गोधडी सुरेख झालीय. पण वन्सं, तुमच्या पाचही जणींचा हात एकसारखा कसा हो? सगळे टाके तुमच्यासारखेच करकचून ओढलेले. तुम्हीच शिकवलं असणार त्यांना.

स्वेटरला आम्ही दुसरी बाही घातलीय. आता दोन आहेत, मी स्वतः घडी उघडून बघितलं. गळा तेवढा राहिलाय.

तुमची वहिनी

१० जुलै

प्रिय मामी,

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहितेय. आईंना हे कळू देऊ नका.

मी विमा कंपनीत दावे तपासते, हे तुम्हाला माहीत आहे. न जळलेल्या गोदामांची आणि न चोरीला गेलेल्या गाड्यांची वर्णनं मी दिवसभर वाचते. त्यामुळे आईंच्या मंडळाबद्दल मला पहिल्यापासून शंका होती. जिन्यावर कधी कुणी भेटत नाही. कपांना कधी लिपस्टिक लागलेली नसते.

परवा शनिवारी मी ऑफिसमधून लवकर आले. किल्लीने दार उघडलं. हॉलमध्ये आईंनी खुर्च्या गोल मांडल्या होत्या, प्रत्येकीपुढे चहाचा कप. एका खुर्चीवर आई विणत बसल्या होत्या. घड्याळात चार वाजले. आईंनी विणकाम डावीकडच्या खुर्चीवर ठेवलं. मग उठल्या, त्या खुर्चीवर जाऊन बसल्या, तेच विणकाम उचललं आणि पुढे विणू लागल्या.

मामी, मी चपला हातात घेऊन दारात उभी होते. तशीच मागे फिरले आणि बसस्टॉपवर बसून राहिले. नेहमीच्या वेळेला घरी गेले, तेव्हा आई कप विसळत होत्या. म्हणाल्या, 'जज्जबाई आत्ताच गेल्या. चुकामूक झाली बघ.'

माझ्याकडून त्यांच्याशी बोलणं होत नाही. हॉलचा पडदा मी त्या येणार म्हणून शिवला होता. आयुष्यात पहिल्यांदा काही शिवलं. त्यांनी आल्या आल्या तो उसवला. त्यांचा हेतू वाईट नसेल. पण तेव्हापासून त्यांच्यासमोर वाक्य बोलायचं म्हटलं तरी वाटतं, तेही उसवतील.

काय करावं ते सांगा.

तुमची सूनबाई

१७ जुलै

चि. सूनबाई,

तुझं पत्र वाचून मी इतकी रडले की तुझे मामा घाबरून पंखा लावायला धावले.

आईंना कळू देऊ नको म्हणालीस, बाकीच्यांना नको असं म्हणाली नाहीस. मी बैठकीत वाचून दाखवलं. आता नीट ऐक.

वन्संना सरळ विचारण्यात अर्थ नाही. त्या मरतील पण कबूल करणार नाहीत. आणि 'परत या' म्हटलं, तर 'माझं मंडळ टाकून कशी येऊ' म्हणतील. तेव्हा आम्ही असं ठरवलंय की ते मंडळच त्यांना नेऊन द्यायचं. मी पाहुणी म्हणून येईन. केमिस्टबाई दातांची डॉक्टरीण होतील, औषधांची नावं तरी त्यांना येतात. लायब्ररीवाली जज्ज. जुळ्या बहिणी म्हणजे भूगोलाच्या बाई आणि ड्रायव्हिंगवाली. एक उंच आणि साठीची, दुसरी बुटकी आणि तिशीची, पण दोघींनी एकाच कापडाचे कपडे शिवायला टाकलेत.

तू म्हणशील, मामी, आई या सगळ्यांना ओळखतात. ओळखू देत ना! 'तू माझी डॉक्टरीण नाहीस' असं म्हणायला आधी 'मला डॉक्टरीणच नाही' असं म्हणावं लागेल. ते वन्संच्या तोंडून निघेल? जन्मात नाही. झक मारत ओळख करून देतील.

तुमच्या मंडळाला भेटायला शनिवारी एकोणतीसला येतोय, असं त्यांना आजच वेगळं लिहिलंय. तू फक्त सुट्टी घे आणि चहा जास्त टाक.

तुझी मामी

२१ जुलै

अगं वहिनी,

एकोणतीसला येऊ नका. जज्जबाईंना ताप आहे. डॉक्टरीण परदेशी जातेय. जुळ्या बहिणींचं आपसात भांडण झालंय आणि आता एकीचा पत्ता लागत नाही, कुठलीचा ते सांगता येत नाही. लिफ्टही बंद आहे. शिवाय मला आताशा पाहुणे झेपत नाहीत.

तुझी नणंद

ता. क. पत्र टाकायला खाली गेले होते, तशीच परत आले. या तुम्ही. जज्जबाई भाजी घेताना भेटल्या, ताप उतरलाय. डॉक्टरीणही जात नाहीये. जुळ्यांचं काय ते बघते.

२७ जुलै

चि. सूनबाई,

घात झाला. वन्संची वेताची खुर्ची गाडीच्या टपावर बांधून बघत होतो, ती माझ्या पायावर पडली. घोटा टम्म सुजलाय, मी येत नाही. बाकीच्या चौघी येताहेत, आणि खुर्ची येतेय. ड्रायव्हिंग स्कूलचीच गाडी आहे, शेजारच्या सीटखालीही ब्रेक असलेली. तो केमिस्टबाई दाबत बसणार आहेत, त्यामुळे उशीर होईल.

काय काय होतं ते मला सगळं लिही. हातचं राखू नकोस, नाहीतर इथे पाय वर करून पडल्या पडल्या माझा जीव जाईल.

तुझी मामी

३० जुलै

प्रिय मामी,

सांगितल्याप्रमाणे सगळं लिहितेय.

तीन वाजता बेल वाजली. कोण येणार ते मला माहीत होतं, म्हणून मीच दार उघडलं. दारात आमच्या इमारतीखालची पार्लरवाली, पांढरा कोट घालून. म्हणाली, 'मी दातांची डॉक्टर.' तिच्यामागे कोपऱ्यावरची भाजीवाली, जिच्याशी घासाघीस करायची कुणाची छाती नाही ती. म्हणाली, 'मी जज्ज. पण होते. आता नाही.' आणि तिच्यामागे दोन इलेक्ट्रिशियन. खरे जुळे आहेत, आमच्या लिफ्टचं काम तेच करतात. मिशासुद्धा सारख्या. एक म्हणाला, 'आम्ही जुळ्या बहिणी.' दुसरा जमिनीकडे बघत राहिला.

आई आतून म्हणाल्या, 'या गं दोघी, बसा.' माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणजे मामी, आईंनीही माणसं जमवली होती! तुमच्या मंडळींना अडवायचं तरी कसं? ब्रेकवाली गाडी तोवर खाली लागलीही होती. पुन्हा बेल. दारात केमिस्टबाई. आईंना बघून एकदम चेहरा कोरा करून म्हणाल्या, 'मी दातांची डॉक्टरीण.' मागून भूगोलाच्या बाई आणि ड्रायव्हिंगवाली, दोघी जांभळ्या ठिपक्यांच्या कापडात. आणि डोक्यावर खुर्ची घेऊन लायब्ररीवाल्या. आई खुर्चीकडे बघतच राहिल्या. 'ही कुणाची?' म्हणाल्या. लायब्ररीवाल्या म्हणाल्या, 'माझी. कोर्टातली. निरोपाला मिळाली.'

मला वाटलं, आता संपलं. पण आईंनी पदर खोचला आणि ओळखी करून द्यायला सुरुवात केली. 'या आमच्या डॉक्टरीणबाई. आणि याही डॉक्टरीणबाई. या वरच्या दातांच्या, त्या खालच्या.' जुळ्यांपाशी आल्या तेव्हा नुसतं म्हणाल्या, 'या चौघी जुळ्या.' आणि पुढे सरकल्या.

भाजीवालीने लायब्ररीवाल्यांना विचारलं, 'तुम्ही शिक्षा किती द्यायच्या?' त्या सवयीने म्हणाल्या, 'पंधरा दिवस. नंतर रोजचा दंड.' भाजीवाली म्हणाली, 'फार सूट देता.'

इतक्यात तुमचा भाचा कामावरून लवकर आला, गाल धरून. दात असह्य झाला होता. दोन डॉक्टरिणी समोर बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. केमिस्टबाईंनी घाईघाईने विचारलं, 'वरचा की खालचा?' तो म्हणाला, 'खालचा.' त्या म्हणाल्या, 'मग यांचा.' पार्लरवालीने त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, 'त्वचा फार कोरडी आहे.' शेवटी केमिस्टबाईंनी पर्समधून गोळी दिली. संध्याकाळीच त्याने खऱ्या डॉक्टरकडे जाऊन दात काढून घेतला. दीड महिना टाळत होता, पण म्हणाला, घरच्या दोघींपेक्षा बाहेरचा बरा.

मग सगळे कामाला बसले. इलेक्ट्रिशियन लोकर फार सफाईने गुंडाळतात, तारेची सवय असावी. जागा कमी पडल्या, मी उभीच होते. वेताच्या खुर्चीवर मात्र कुणी बसलं नव्हतं. तुमच्या मंडळींच्या लेखी ती आईंची. आणि आईंना बसता येईना, कारण बसल्या असत्या तर ती कोर्टातली नाही हे कबूल झालं असतं. त्या तिच्या डावीकडे बुटक्या मोड्यावर बसल्या होत्या आणि मधूनमधून तिच्या डाव्या हाताचा सैल वेत बोटाने आत ढकलत होत्या.

चार वाजले. तुमच्या मंडळींनी काम डावीकडे दिलं. बाकीच्यांनी बघून बघून हातात होतं ते दिलं. पार्लरवालीने कप दिला, एका इलेक्ट्रिशियनने टेस्टर. लायब्ररीवाल्यांच्या हातात मामांचा स्वेटर होता. त्यांनी तो खुर्चीवर ठेवला. सगळ्या खुर्चीकडे बघत बसल्या. आईंचा हात पुढे आला आणि मागे गेला.

मग मी जाऊन खुर्चीवर बसले. का, ते मला सांगता येणार नाही. स्वेटर मांडीवर घेतला, सुया धरल्या. चुकीच्याच धरल्या असणार, कारण आई लगेच म्हणाल्या, 'दे इकडे, मी बघते.'

मी म्हटलं, 'नियम आहे ना आई? पुढच्या शनिवारी चार वाजता देईन.'

या घरात मी त्यांना 'नाही' असं पहिल्यांदाच म्हणाले. आई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. मग सगळ्यांदेखत रडल्या, आणि भाजीवाली त्यांना म्हणाली, 'रडू नका, मी जज्ज नाहीये.'

तुमची सूनबाई

१६ ऑगस्ट

अगं वहिनी,

घोटा कसा आहे? शेकतेस का? माझ्या भावाला सांग, पायाखाली उशी दे, नुसता पेपर वाचत बसू नको.

माझ्या मंडळाबद्दल तुमच्यात काय बोलणं चाललंय याची मला कल्पना आहे. एक लक्षात ठेव. मी खोटं बोलले नव्हते, वेळेच्या आधी बोलले. आता दर शनिवारी भाजीवाली येते, पार्लरवाली दुकान शिकाऊ मुलीवर टाकून येते, आणि जुळे काम नसेल तेव्हा येतात. परवा खालून कुणीतरी खरंच काठीने ठोकलं.

तुला म्हणून सांगते. मला इथे करमत नव्हतं गं. दिवसभर त्या सोफ्यावर बसून समोरचा बंद टीव्ही बघायचा, आणि त्यात मीच दिसायचे. आणि तू खुर्चीचं विचारलंस, तेव्हा तुम्ही देऊन टाकणार असं वाटलं, म्हणून मीच आधी म्हटलं, देऊन टाक. दिली असतीस ना, तर तुझं तोंड बघितलं नसतं.

आता ती परत मागू नकोस. ती रिकामी नाहीये. सूनबाई शनिवारी अर्धी रजा टाकते आणि तीन वाजल्यापासून तीत बसते. मी मोड्यावर. पडद्याचंही बोलणं झालं. तिने शिवला होता, हे मला कुणी सांगितलं होतं का? मी म्हटलं, पुन्हा शिव. ती म्हणाली, बघू.

स्वेटर परत पाठवतेय. गळा तेवढा राहिला होता. तिने घडी उघडून बघितली नाही आणि बाही घातली. आता पुन्हा तीन झाल्यात. ही नवी नुसती चाळणी आहे, टाके सुटलेत, एका जागी तर माझी चार बोटं जातात. तिने दिली तेव्हा माझा हात आपोआप सुईकडे गेला. ती बघत होती. मी म्हटलं, छान झालीय, आणि कागदात गुंडाळली.

गळा तुम्ही घाला. माझ्या भावाला सांग, कुठल्या दोन बाह्या वापरायच्या ते तुझं तू ठरव, पण त्यातली एक भोकांची असली पाहिजे. आणि बैठकीत हे मोठ्याने वाच. ती बाही जर तुमच्यापैकी कुणी उसवलीत, तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी नणंद